अंगणातला डाग आणि जीपचा डिफरन्शियल

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकात कविता लिहावी, एखाद्या कादंबरीचे रसग्रहण करावे, फार तर सहलीचे वर्णन द्यावे अशी साधारण अपेक्षा असते. ‘डिफरन्शियल’ हा शब्द पाहून काही वाचकांनी पान उलटण्याची तयारीही केली असेल. त्यांना एवढीच विनंती की, थोडे थांबावे. आपल्यापैकी बरेच जण ज्या वडापच्या जीपने किंवा एस.टी.ने कॉलेजला येतात, तिच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. आमच्या घरची चूल त्या गोळ्याच्या जिवावर पेटते, हे मला २०२४ च्या जुलै महिन्यात कळले. कारण त्या महिन्यात तो फुटला.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीवरून खालच्या बाजाराच्या गावापर्यंत जीप चालवतात. पहाटे दुधाचे कॅन, मग शाळा-कॉलेजची मुले, मग बाजारहाट करणारी माणसे. जीप वीस वर्षांहून जुनी आहे. आबा सातवीपर्यंत शिकले, आई शाळेत गेली नाही. घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. त्या दिवशी मी द्वितीय वर्षाच्या प्रवेशासाठी निघाले होते आणि आबांच्या खिशात त्यासाठी बाजूला ठेवलेले ४,६०० रुपये होते.

वाडीखालच्या चढावर मागून आधी ‘कट् कट्’ असा आवाज आला, दोन झटके बसले आणि जीप थांबली. इंजिन चालू होते, गिअर पडत होता, पण चाके जागची हलेनात. आबांनी चाकांना दगडांची उटी लावली, खाली वाकून पाहिले आणि काही न बोलता बिडी पेटवली. त्यावरून प्रकरण साधे नाही हे मी ओळखले. शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरला दोर बांधून, चालत्या माणसाच्या गतीने, जीप गॅरेजात नेली. (आत तुकडे पडलेले असताना चाके फिरू देऊन गाडी ओढली तर ते तुकडे आणखी नासधूस करतात, मागची चाके उचलून ओढणे बरे, हे मिस्त्रींनी नंतर सांगितले.)

हा गोळा करतो काय?

गॅरेजात चार दिवस बसून मला जे समजले ते आधी सांगते. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने मागे येते. हा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने असतो, चाकांचा आस मात्र आडवा. म्हणून पहिले काम म्हणजे फिरण्याची दिशा काटकोनात वळवणे. ते दोन दातेरी चाके करतात. दांड्याच्या टोकाला लहान चाक असते ते पिनियन, आणि त्याला भिडलेले थाळीएवढे मोठे चाक म्हणजे क्राउन.

दुसरे काम वेग कमी करून ओढ वाढवण्याचे. आमच्या जीपच्या क्राउनला ४३ दात आहेत व पिनियनला ८. म्हणजे पिनियनच्या सुमारे ५.३८ फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. जीप ताशी ४० किलोमीटर वेगाने जाते तेव्हा तिची चाके मिनिटाला साधारण तीनशे वेळा फिरतात, तर पिनियन सोळाशेहून जास्त वेळा. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज आहे.

तिसरे काम सर्वांत नवलाचे, आणि त्याच्यावरूनच या यंत्राला हे नाव मिळाले आहे. ज्यांनी खळ्यावर मळणी पाहिली असेल त्यांना ते लगेच समजेल. तिवड्याभोवती बैल फिरतात तेव्हा आतला बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि कडेचा बैल भराभर चालतो. दोघांनी सारखेच चालावे म्हटले तर पात मोडेल. गाडी वळतानाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांत सव्वा मीटर अंतर धरले, तर गाडी पूर्ण उलटी वळवताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ४ मीटर जास्त चालते. वळण मोठे असो वा लहान, हा फरक तेवढाच राहतो. वर्तुळाचा परीघ शिकताना हे उदाहरण कुणी दिले असते तर मला गणिताची एवढी धास्ती वाटली नसती!

बैलगाडीला ही अडचण नाही. तिची चाके कण्यावर सुटी फिरतात. पण मोटारीत चाकांनाच ताकद पोचवायची असते, ती दोन्हींना मिळावी आणि तरीही ती वेगवेगळी फिरावीत, हा पेच आहे. एका फ्रेंच घड्याळजीने, ओनेसिफोर पेक्वर याने, १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तो सोडवला. क्राउनच्या पोटात एका आडव्या कांबीवर लहान दातेरी चाके बसवलेली असतात आणि ती डावी-उजवीकडच्या दोन चाकांना भिडलेली असतात. मिस्त्रींनी ती मला हातात देऊन दाखवली तेव्हा मला बैलांचे जू आठवले. जू मधोमध बांधलेले असते. एक बैल मागे राहिला तर दुसरा थोडा पुढे जातो, पण ओढ दोघांवर सारखीच पडते. मधली लहान चाके हे त्या दोन आसांमधले जू होय. याचा एक तोटाही आहे. एका बैलाने मान काढून घेतली की दुसऱ्याला ओढता येत नाही. एक चाक चिखलात गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे स्वस्थ उभे राहते, ते यामुळेच.

आवाज ऐकावा, मग पाना उचलावा

मिस्त्रींचे पहिले सांगणे असे की, मागून आवाज आला म्हणजे डिफरन्शियलच गेला असे समजून पैसे घालवू नयेत. गाडी निघताना एकच ‘टक्’ होत असेल तर आधी लांब दांड्याच्या सांध्यातला क्रॉस पाहावा. तो काही शे रुपयांत बदलतो. सतत घरघर येत असेल तर चाकाचे बेअरिंग किंवा झिजलेला टायरही असू शकतो. ॲक्सिलरेटर दाबताच घोंगावण्याचा आवाज वाढत असेल तर क्राउन-पिनियनवर संशय घ्यावा. पाय काढल्यावर आवाज वाढत असेल तर पिनियनच्या बेअरिंगवरही घ्यावा. फक्त वळणावरच आवाज येत असेल तर मधली लहान चाके तपासावीत.

आमच्या जीपला महिनाभर घोंगावणारा आवाज होता. आबा म्हणत, “म्हातारी झाली, कण्हणारच.”

मागची बाजू टेकूंवर उचलून, पुढच्या चाकांना उटी लावून, खालचा बूच काढला. बुचाला लोहचुंबक असतो. त्याच्यावर बारीक काळा लेप असणे साहजिक आहे, पण आमच्या बुचावर मसुराच्या डाळीएवढे तुकडे चिकटले होते. मागचे झाकण काढताच क्राउनचे तीन दात अर्धे गेलेले दिसले. आणि तेल? दोन लिटरच्या आसपास असायला हवे होते, तिथे भांड्यात पाव लिटरही उतरले नाही. जे उतरले तेही जळकट वासाचे.

मिस्त्रींनी विचारले, “तेल कुठं गेलं, ओ?” आबा गप्प राहिले. मीही गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्याचे कारण शेवटी सांगते.

तीन वाटा

आता प्रश्न पैशांचा. आमच्यासमोर तीन वाटा होत्या.

पहिली, नवा पूर्ण संच मागवायचा. किंमत ३४,००० रुपये आणि आठ दिवस वाट पाहायची. दुसरी, मोडीत निघालेल्या जीपचा जुना पूर्ण संच आणायचा. दुकानदाराने ८,५०० सांगितले. बसवणे, तेल, सील धरून १०,९०० रुपये, दोन दिवसांचे काम. तिसरी, आपलाच गोळा खोलून जेवढे बिघडले तेवढेच बदलायचे. मिस्त्रींनी कागदावर हिशेब मांडला: क्राउन-पिनियनची जोडी ६,२००, पिनियनची दोन बेअरिंगे १,९००, बाजूची दोन १,६००, सील, पॅकिंग व शिम मिळून ५५०, तेल ७००, मजुरी ३,०००. एकूण १३,९५०, आणि चार दिवस.

अर्थशास्त्राच्या तासाला ‘संधी खर्च’ शिकवला तेव्हा मी तो परीक्षेपुरता पाठ केला होता. गॅरेजाच्या बाकावर तो खरा कळला. जीप उभी राहिली की डिझेल वजा जाता आबांचे दिवसाला सुमारे ६०० रुपये बुडतात. तेही मिळवले तर पहिली वाट ३८,८०० ची, दुसरी १२,१०० ची आणि तिसरी १६,३५० ची होत होती. जुना संच ४,२५० रुपयांनी स्वस्त. माझ्या प्रवेशाची रक्कम जवळपास तेवढीच!

आबांचा कल अर्थातच जुन्या संचाकडे होता. ते म्हणाले, “तुझी फी आधी. गाडी काय, चालली म्हंजे झालं.”

आम्ही जुन्या मालाच्या बाजारात गेलो. मिस्त्रींनी मला एकच काम सांगितले होते, “बाळ, दात मोज. दुकानदार काय म्हणतो ते ऐकू नको.” मी खडूने खूण करून मोजले. क्राउनला ३९, पिनियनला ८. म्हणजे प्रमाण ५.३८ ऐवजी ४.८८. वरून दोन्ही गोळे हुबेहूब सारखे, बोल्टही तेच बसणारे, पण आत फरक. हा संच बसवला असता तर चढावरची ओढ नऊ टक्क्यांनी कमी झाली असती. सपाटीवर ते चालून जाते, आमच्या वाडीच्या चढावर भरल्या गाडीला नाही. शिवाय वेग दाखवणारा काटाही खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागला असता, कारण तो लांब दांड्याच्या फेऱ्या मोजतो. ज्या जीपची पुढची चाकेही ओढतात तिथे तर मागेपुढे वेगळे प्रमाण घालणे म्हणजे दोन बैलांना दोन दिशांना हाकणे होय. पिनियन धरून हलवला तर तो आतबाहेर खेळत होता. म्हणजे बेअरिंगही गेलेले.

मी आबांना एवढेच म्हणाले की, हा घेतला तर वर्षभरात पुन्हा इथेच यावे लागेल. जुना संच घेऊच नये असे नाही. दात तेवढेच असतील, पिनियन खेळत नसेल, झाकण उघडून दात गुळगुळीत दिसत असतील तर गरिबाला तीच वाट उत्तम. पण झाकण न उघडता घेऊ नये. आबांनी बराच वेळ त्या गोळ्याकडे पाहिले आणि मग आम्ही रिकाम्या हाताने परतलो. कॉलेजात अर्ज करून फी दोन हप्त्यांत भरण्याची सवलत मी मागून घेतली. अर्ज लिहिताना कारणाच्या जागी ‘वडिलांच्या वाहनाची दुरुस्ती’ असे लिहिले. लाज वाटेल असे वाटले होते, पण वाटली नाही.

कुठे वाचवावे, कुठे वाचवू नये

खोलताना मिस्त्रींनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. बाजूच्या बेअरिंगांवरच्या टोप्यांना डावी-उजवीच्या खुणा केल्या, कारण त्या त्या जागेवरच घडवलेल्या असतात आणि अदलाबदल चालत नाही. आणि कुठल्या बाजूने किती शिम निघाल्या ते वेगवेगळ्या तारेत ओवून ठेवले. शिम म्हणजे कागदासारखी पातळ पोलादी चकती. दातांची जागा केसभर इकडेतिकडे करायची ती यांच्याच साहाय्याने.

आम्ही वाचवले ते असे. मधली लहान चाके आणि दोन्ही आस डिझेलने धुऊन तपासले. ते ठणठणीत होते, तेच ठेवले. झाकणाचे पॅकिंग जाड कागदातून कापले. धुण्यापुसण्याचे काम मी आणि आबांनी केले.

जिथे वाचवता येत नाही ते असे. क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होते. दोन्हींवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. आमचा पिनियन वरून बरा दिसत होता, आणि नुसता क्राउन घ्यावा असे आबांच्या मनात आले होते. पण नव्या-जुन्याची सांगड घातली की दोन्ही खराब होतात. बेअरिंगही बाहेरच्या कड्यासकट बदलावे. सील कधीही जुने घालू नये. आणि तेल योग्य प्रतीचेच घालावे. या जोडीत पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत तर घसटतातही. म्हणून इंजिनाचे साधे तेल चालत नाही. ‘जीएल-५’ असे डब्यावर लिहिलेले ९० नंबरचे गिअर ऑईल लागते.

बसवतानाची गंमत मात्र मी विसरणार नाही. नव्या क्राउनच्या काही दातांना मिस्त्रींनी तेलात कालवलेला शेंदूर लावला! मला वाटले, आता नारळ फोडणार. पण त्यांनी पिनियन फिरवला आणि शेंदरावर उमटलेला ठसा मला दाखवला. ठसा दाताच्या मधोमध हवा. मुळाशी आला तर पिनियन जास्त आत आहे, त्याच्यामागची शिम पातळ करावी. टोकाशी आला तर जाड करावी. दाताच्या आतल्या कडेला सरकला तर क्राउन पिनियनपासून दूर न्यावा, बाहेरच्या कडेला गेला तर जवळ आणावा. (शेंदरात शिसे असते, म्हणून हात नीट धुतल्याशिवाय जेवू नये.)

दातांमधली मोकळीक मोजायची वेळ आली तेव्हा माझ्या दोन वर्षांच्या इंग्रजीला काम मिळाले. मिस्त्रींकडे पाने सुटलेले एक इंग्रजी पुस्तक होते. त्यातली चित्रे त्यांना पाठ होती, मजकूर नव्हता. मी वाचून मराठीत सांगितले. पुस्तकात मोकळीक इंचात, ०.००५ ते ०.००९, आणि मिस्त्रींचे मोजण्याचे घड्याळ मिलिमीटरचे. मी २५.४ ने गुणून ०.१३ ते ०.२३ असे सांगितले. ते हसून म्हणाले, “आमी अंगठ्यानं धरतो ते एवढंच असतंय.” घड्याळ लावून पाहिले तर ०.१८! तीन वेळा शिम बदलून ठसा मध्यावर आला. त्या दिवशी मला वाटले की, पुस्तक आणि अंगठा यांचे भांडण आपण उगीच लावतो.

जीप सुरू झाल्यावर पहिले पंचवीसेक किलोमीटर रिकामी, सावकाश चालवून थंड होऊ दिली. काही दिवस जड ओझे टाळले आणि आठशे किलोमीटरनंतर तेल बदलले. नव्या जोडीला एवढे लाड हवेतच.

अंगणातला डाग

आता राहिलेली गोष्ट. तेल कुठे गेले?

गोळ्याच्या वरच्या अंगाला हवा जाण्यासाठी एक लहानशी नळी असते. गाडी चालली की आत सगळे तापते, हवा फुगते आणि त्या नळीतून बाहेर पडते. आमची नळी आदल्या पावसाळ्यातल्या चिखलाने बुजली होती. हवेला वाट मिळाली नाही, म्हणून तिने सीलमधून तेलालाच बाहेर ढकलले. थेंब थेंब करून तेल गेले, बेअरिंग सुकले, पिनियन जागचा हलला आणि मिनिटाला सोळाशे फेऱ्या मारणारे ते आठ दात कोरडेच घासत राहिले. एका दिवसात काही तुटले नव्हते.

रात्री जीप आमच्या अंगणात उभी असते. उन्हाळ्यापासून रोज सकाळी, जीप गेल्यावर, मागच्या चाकांच्या मध्ये मला बशीएवढा काळा डाग दिसायचा. अंगण झाडायचे काम माझे. मी रोज त्या डागावर सडा टाकत होते. तीन महिने मी तो डाग झाकला आणि आबांना एका शब्दाने सांगितले नाही. तो डाग आहे असे मला वाटलेच नाही, ती फक्त घाण वाटली.

गॅरेजातून परतताना मी हे आबांना सांगितले. ते रागावले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “माझ्या बाच्या बैलगाडीखाली वंगणाचं डबडं लटकलेलं असायचं. बाजारला निघायच्या आधी तो चाकाला वंगण द्यायचाच. ते मी इसारलो. तुला कोण सांगणार?” मला शिक्षा झाली असती तर बरे वाटले असते.

१३,९५० रुपयांचा खर्च आणि चार दिवसांची बुडित मजुरी टाळायला काय लागले असते? ती नळी तारेने साफ करायला काहीच लागत नाही. तेल भरण्याच्या छिद्राचा बूच काढून करंगळी घालावी, तेल छिद्राच्या खालच्या कडेला लागले पाहिजे. त्याला पाच मिनिटे लागतात. सील काही रुपयांचे असते. ज्यांच्या घरी जीप, टेम्पो, रिक्षा आहे त्या माझ्या मित्रमैत्रिणींनी हा लेख वाचून फक्त एवढेच केले तरी लिहिण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

आता रोज सकाळी जीप गेली की मी आधी जमीन पाहते, आणि मगच सडा टाकते.

— द्वितीय वर्ष, कला